होडीला आधी वाळू दे

गंगापूर रोड, नाशिक
१० जानेवारी

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

होडी शेडमध्ये नीट लागली आहे. तू शनिवारी आलास की लगेच रंग खरवडायला बसशील, म्हणून आधीच लिहिते. पहिले दोन महिने या होडीला रंग, रेझिन, फटी बुजवायची लांबी (पुट्टी) काहीही लावायचं नाही. तिला फक्त वाळू द्यायचं आहे.

ही एंटरप्राइज आहे. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली, ४.०४ मीटर लांब, १.६० मीटर रुंद, दोन शिडांची, दोघांनी चालवायची होडी. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या समुद्रात या वर्गाच्या शर्यती झाल्या होत्या. सांगाडा लाकडी पट्ट्यांचा आणि त्यावर पातळ मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड), म्हणजे सगळी ताकद गोंदाच्या सांध्यांत आणि प्लायच्या थरांत. म्हणून फळ्यांच्या होडीचे उपाय इथे चालत नाहीत. कोणी सांगेल, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगून फटी मिटतील. कापूस ठासून कलाफत केलेल्या फळ्यांच्या होडीत ते खरं आहे. प्लाय फुगला तर फट मिटत नाही, थर सुटतात.

आता वाळवण्याचं. होडी आजवर खाऱ्या पाण्यात होती. लाकडात मीठ मुरलेलं असलं की ते हवेतली ओल ओढत राहतं आणि होडी वर्षभर शेडमध्ये ठेवली तरी पूर्ण वाळत नाही. त्यामुळे आधी आतून-बाहेरून गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवायची, सेंटरबोर्डच्या (होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून खाली सोडायच्या फळीच्या) पेटीत आणि डेकखाली पाइप घालून. मग सावलीत, दोन्ही दारं उघडी ठेवून, वारा खेळेल अशी ठेवायची. उन्हात मुळीच नको. एप्रिलात इथे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा वरचा पापुद्रा आतल्या थरांच्या आधी आकसतो आणि तडकतो. नाशिकचा फेब्रुवारी-मार्चचा कोरडा वारा मात्र या कामाला वरदान आहे. ओल मोजायचं यंत्र पुण्याहून आण. १२ टक्क्यांच्या खाली आकडा आला की पुढचं काम, आणि तो सगळीकडे मोजायचा, मधोमध एकदाच नाही. यंत्र मिळालं नाही तर संशयाच्या जागी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेव. सकाळी आतून दव दिसलं तर लाकूड अजून ओलं आहे.

आणखी एक गोष्ट समजून घे, कारण पुढची सगळी कामं तिच्यावरच उभी आहेत. होडी आता गंगापूर धरणात चालणार, तिथलं पाणी गोडं म्हणून लाकडाला सोपं जाईल असं वाटतं. तसं नाही. मीठ कुजवणाऱ्या बुरशीला रोखतं. गोडं पाणी, आणि त्यातही बंद कोपऱ्यात साठलेलं पावसाचं पाणी, तिला पोसतं. जुन्या प्लायच्या होड्या बहुतेक वेळा आतून कुजतात, आणि ते पाण्यात असताना नाही, ताडपत्रीखाली उभ्या असताना.

वाळत असताना तपासणी करून घे. सगळं सामान उतरव आणि प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, वर नाव लिहून ठेव. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत फिर. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं किंवा थर सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथे आरी टोचून बघ. सगळ्यात आधी बघायच्या जागा म्हणजे मागच्या फळीचा, म्हणजे ट्रान्समचा, तळाशी मिळणारा आतला कोपरा, डोलकाठीच्या बुडाखालचा ठोकळा, नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, डेकच्या पोटात हात जेमतेम पोचतो ती जागा, होडी बुडू नये म्हणून आत बांधलेल्या हवेच्या पिशव्यांचे पट्टे जिथे स्क्रूने धरलेत त्या पट्ट्या, आणि सेंटरबोर्डच्या पेटीचं बूड. व्हार्निशखाली काळा डाग दिसला की तिथून पाणी शिरतंय असं समज. डाग स्क्रूभोवती गोल असेल तर कोणीतरी मधेच लोखंडी स्क्रू मारलेला आहे. तो काढायचाच.

काहीही कापण्याआधी होडीचा पीळ बघ. सुताराच्या लाकडी घोड्यांवर जुनी गादी टाकून तिला तीन जागी टेकव. नाळेपासून ट्रान्समच्या मध्यापर्यंत सुतळी ताण. मग पुढे एक आणि मागे एक अशा दोन सरळ पट्ट्या काठांवर आडव्या ठेवून एका डोळ्याने बघ. दोन्ही पट्ट्या समांतर दिसेपर्यंत घोड्यांखाली पाचरी घाल. पिळलेल्या होडीत ठिगळ चिकटवलंस तर तो पीळ कायमचा पक्का होतो आणि मग ती एका बाजूला चांगली चालते, दुसऱ्या बाजूला ओढते.

रंग काढताना यंत्राचा घासपट्टा वापरू नकोस. वरचा पापुद्रा मिलिमीटरभराचाही नसतो, क्षणात आरपार जातो. धारदार स्क्रेपर आणि मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पाणी मारून घास. चांगला मास्क लाव आणि भुकटी अंगणात झटकू नकोस.

ठिगळासाठी आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा ६ मिलिमीटर मरीन प्लाय घे. जुन्या कडेची जाडी मोजून खात्री कर. शिक्क्यावरही पूर्ण विसंबू नकोस. दुकानात कड बघ, मधल्या थरात पोकळी दिसली तर परत कर. घरी तळहाताएवढा तुकडा चार तास उकळ आणि उन्हात वाळव. पापुद्रे हलले नाहीत तर तो घ्यायचा. कुजलेल्या भागाच्या पुढे ५ सेंटिमीटर चांगलं लाकूड लागेपर्यंत काप आणि कडा एकास आठ उताराने तास, म्हणजे ६ मिलिमीटरला ४८ मिलिमीटर रुंद उतार. रंधा बारीक लाव. तासताना प्लायचे थर पट्ट्यांसारखे दिसू लागतात. त्या पट्ट्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या आल्या की उतार बरोबर आहे. त्या वळत असतील तिथे जास्त तासलं गेलंय.

पंचवटीतल्या पाडलेल्या वाड्यांचा जुना साग कोणी ना कोणी देऊ करेल. लाकूड अप्रतिम असतं, पण प्रत्येक ठिकाणी ते घालू नकोस. साग जड असतो आणि तेलकट, त्यामुळे गोंद धरत नाही. होडीच्या काठावरच्या बाहेरच्या घासपट्टीला तो उत्तम, तिथे लावायचा तर चिकटवण्याच्या अगदी आधी ताजा घास आणि अ‍ॅसिटोनने पूस. या वर्गाच्या नियमात रिकाम्या होडीचं वजन ९४ किलोच्या आसपास धरलं आहे. जुनी होडी थोडी भरेल, पण दुरुस्तीच्या नावाखाली दहा-बारा किलो वाढवलेस तर ते प्रत्येक हलक्या वाऱ्यात जाणवेल.

चिकटवायला इपॉक्सीच, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून करायचा गोंद, वापर. सातपूर-अंबडच्या बाजूला फायबरच्या टाक्या करणारे पॉलिएस्टर रेझिन देतील. ते स्वस्त असतं, पण लाकडाला नीट धरत नाही आणि दोन पावसाळ्यांत सुटतं. इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर दिलेलं तंतोतंत पाळ. वजनाचं प्रमाण आणि मापाचं प्रमाण वेगळं असतं, सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा नेलास तरी चालेल, मी दुसरा घेईन. एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नकोस आणि कालवलं की पसरट ट्रेमध्ये ओत. उभ्या पेल्यात ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाती राहणारा वेळ जवळपास निम्मा होतो, म्हणून मार्चनंतर सावकाश घट्ट होणारं हार्डनर घे. काम दुपारी चारनंतर सुरू कर, सकाळी नको. सकाळी लाकूड तापत जातं, त्याच्या छिद्रांतली हवा बाहेर येते आणि कोटिंगवर बुडबुडे उठतात. संध्याकाळी लाकूड थंड होताना रेझिन आत ओढलं जातं.

सांध्यावर आधी नुसतं, मधासारखं इपॉक्सी लाव, विशेषतः प्लायच्या उघड्या कडांना, त्या पाणी पितात. ते ओलं असतानाच सिलिका घालून घट्ट केलेलं लाव. कोपऱ्यांत भरायचं मिश्रण लाकडाचा बारीक भुसा घालून चक्क्यासारखं कर, चमच्यावरून घसरता कामा नये. शिकंजे बेताने आवळ. जोर लावलास तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. जे स्क्रू फक्त चिकटेपर्यंत धरायला मारलेत ते नंतर काढून भोकं भरून टाक. कडक झालेल्या पृष्ठभागावर मेणचट थर दिसला तर आधी पाणी आणि घासणीने धू, मग घास. नाहीतर तो थर पेपरने आत रगडला जातो आणि रंग सोलून निघतो. जूननंतर दमट हवेत हा थर हमखास येतो, त्यामुळे इपॉक्सीचं सगळं काम मेच्या मध्यापर्यंत संपलं पाहिजे. हातमोजे घालायचेच. अ‍ॅलर्जी एकदा झाली की आयुष्यभर राहते.

सेंटरबोर्डच्या पेटीवर एक अख्खा शनिवार दे. एंटरप्राइज गळते ती बहुतेक इथूनच, कारण बोर्डवर येणारा सगळा आडवा जोर पेटीच्या बुडाला बसतो आणि सांधा हलतो. तळाची खाच खालून बंद करून पेटीत पाणी भर आणि बाहेरून खडूच्या भुकटीची रेघ ओढ. ओली होईल तिथे गळती. मग तो सांधा वरवर लांबी भरून झाकू नकोस. उकरून मोकळा कर, वाळव, दोन्ही बाजूंनी भुश्याच्या मिश्रणाची गोलाई दे आणि वर काचेच्या कापडाची पट्टी बसव. बोर्डच्या खिळीचं भोक ऐसपैस झालं असेल तर ते आणखी मोठं कर, इपॉक्सीने पूर्ण भर आणि मधोमध नव्याने नेमकं भोक पाड. अशाने पाणी लाकडाला लागतच नाही. दोन्ही बाजूंना रबरी वॉशर.

बाहेरून फिका रंग दे. गडद रंग इथल्या उन्हात इतका तापतो की आतले सांधे वर उमटतात. डेकला पारदर्शक व्हार्निश, निदान सहा हात, प्रत्येकामध्ये २४० नंबरचा पेपर. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यामुळे ते कुठेही उघडं राहता कामा नये. तळाला शेवाळ मारणारा विषारी रंग लावायचा नाही. होडी ट्रॉलीवरच राहणार, आणि गंगापूरचं पाणी नाशिक पितं.

पावसाळ्यात दोऱ्या आणि शिडं बघ. डोलकाठीला धरणाऱ्या तारांवरून कापसाचा बोळा फिरव. जिथे तो अडकला तिथे एक धागा तुटला आहे, ती तार बदलायची. शिडाचं कापड शाबूत दिसलं तरी उन्हाने आधी शिवण मरते, सुईने टाका उचलून बघ. हवेच्या पिशव्या फुगवून रात्रभर ठेव. होडी उलटली की पिशवीच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे एक किलोचा वर उचलणारा जोर पट्ट्यांवर येतो, म्हणून पट्ट्यांचे स्क्रू नवे आणि चांगल्या लाकडातच.

पाण्यात न्यायची ती दसऱ्यानंतर. तोवर धरण भरलेलं असतं, काठाचा गाळ पाण्याखाली जातो आणि वळवाच्या वादळाची भीती नसते. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि ट्रॉलीची चाकं चिखलात रुततात. कधी न्यावीच लागली तर दोन फळ्या बरोबर ठेव. बोट क्लब आणि पाटबंधारे खात्याची परवानगी आधी हातात हवी.

पहिल्या दिवशी शिडं घरी ठेव. ट्रान्समचं बूच लाव, होडी काठाशी अर्धा तास तरंगती ठेव आणि आत बोट फिरवून ओल कुठे येते ते बघ. थोडं गळतंय, फुगल्यावर थांबेल, असं प्लायच्या होडीत होत नाही. परत शेडमध्ये आणायची.

दुसऱ्या फेरीला, पानं नुसती हलतील इतक्या वाऱ्यात, जीवरक्षक जाकीट घालून दोघं जा. शिडं चढवताना नाळ वाऱ्याकडे हवी. पहिला मार्ग असा धर की वारा बाजूने येईल. त्याच रेषेत जाता येतं आणि परतही. बोर्ड तेव्हा अर्धा खाली, वाऱ्याकडे चढताना पूर्ण खाली. वळताना नाळ वाऱ्यातून फिरव. मागून वारा घेऊन शीड पालटणं पहिल्या दिवशी नको, बूम, म्हणजे शिडाखालची आडवी दांडी, डोक्यावरून सणकन जातो. मेनसेलची (मोठ्या शिडाची) दोरी हातातच ठेव, कधीही बांधू नकोस. धरणाभोवतीच्या टेकड्यांमुळे झोत अचानक येतो, तेव्हा दोरी सैल सोडली की होडी आपोआप सरळ होते. उलटलीच तर होडी सोडून पोहत जायचं नाही. नाळ वाऱ्याकडे वळव, बोर्डवर उभा राहा, काठ धरून मागे झुक. या जुन्या बनावटीची होडी सरळ होते ती पाण्याने भरलेलीच, म्हणून बादली दोरीने बांधलेली हवी. हे उलटवून सरळ करणं काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात आधी चार वेळा करून बघा.

परत आल्यावर बूच काढ, नाळ वर करून ठेव, आतले कोपरे फडक्याने पूस, हवेच्या पिशव्या सैल कर. ताडपत्री दोन्ही टोकांना उघडी ठेव, वारा आरपार गेला पाहिजे.

शनिवारी येताना ओल मोजायचं यंत्र, ८० आणि २४० नंबरचे पेपर आणि जाड रबरी हातमोज्यांचे चार जोड आण. बाकी सगळं इथे मिळेल.

तुझी
आई