दारावर विचारायचा प्रश्न

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बर्लिनचा अभ्यासक्रम संपल्यावर राजकीय संवाद सल्लागार व्हायचे तू ठरवते आहेस, असे फोनवर म्हणालीस आणि त्या ओघात योहानेस हिल्ये या जर्मन राजकीय संवाद सल्लागार आणि लेखकाचे नाव घेतलेस. आपल्याकडे हा व्यवसाय म्हटला की निवडणुकीची वॉर रूम, घोषवाक्ये आणि समाजमाध्यमांवरचा मारा एवढेच डोळ्यांसमोर येते, त्यामुळे मी तेव्हा गप्प राहिलो. मात्र त्यानंतर या गृहस्थांविषयी इंग्रजीत जे हाती लागले ते वाचून काढले, आणि आता मला जे वाटते ते तुला नीट लिहून कळवतो आहे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले शिक्षण, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघातले काम, जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीच्या वृत्तविभागातला अनुभव, हा त्यांचा पूर्वार्ध तुला ठाऊकच आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटले ते 2014 साल. त्या वर्षीच्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ते युरोपियन ग्रीन पार्टीचे प्रचारप्रमुख होते. या पक्षाने आपले दोन प्रमुख उमेदवार निवडण्यासाठी युरोपीय संघातल्या सोळा वर्षांवरील कोणालाही ऑनलाइन मत देण्याची मुभा दिली होती. स्का केलर आणि जोझे बोव्हे निवडले गेले. पण सुमारे 50 कोटी लोकवस्तीच्या संघात या निवडीसाठी मते पडली ती जेमतेम 22 हजार. दार सताड उघडे ठेवूनही माणसे आत का येत नाहीत, हा प्रश्न त्या आकड्यात उभा आहे. हिल्ये यांचे पुढचे लेखन मला तरी याच प्रश्नाभोवती फिरताना दिसते.

2017 मध्ये त्यांचे ‘प्रोपागांडा 4.0’ हे पुस्तक आले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एएफडी हा उजवा पक्ष 12.6 टक्के मते मिळवून प्रथमच जर्मन संसदेत पोहोचला. जाणूनबुजून खळबळजनक विधान करायचे, वृत्तपत्रांनी ते उचलून धरले की त्याच वृत्तपत्रांना खोटारडे ठरवायचे आणि आपल्या समर्थकांना स्वतःच्याच वाहिन्यांकडे वळवायचे, ही त्या पक्षाची रीत त्यांनी उलगडून दाखवली. पुढे त्या पक्षाच्या संवादातला ‘आम्ही’ नेमका कसा घडवला जातो यावर त्यांनी 2022 मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. युरोपच्या सार्वजनिक चर्चेसाठी युरोपचेच डिजिटल व्यासपीठ असावे, असे सांगणारे त्यांचे 2019 चे पुस्तकही आहे. ते कितपत व्यवहार्य आहे, हे मला ठरवता आले नाही.

पण मला थांबवले ते 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पाहणीने. बर्लिनच्या ‘दास प्रोग्रेसिव्ह त्सेंट्रुम’ या संस्थेसाठी जर्मनी आणि फ्रान्समधल्या मागे पडलेल्या आणि उजव्या पक्षांना भरघोस मते देणाऱ्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन 500 जणांशी बोलणे झाले. उत्तरांचे पर्याय पुढे न ठेवता प्रश्न मोकळे ठेवले होते. देशापुढची मोठी अडचण कोणती असे विचारले की लोक स्थलांतरितांचे नाव घेत. तुमच्या रोजच्या जगण्यातली अडचण कोणती असे विचारले की तीच माणसे अपुरा पगार, बंद झालेली बस, जवळपास नसलेला डॉक्टर यांविषयी बोलत. बाहेरून आलेल्यांसाठी सरकारकडे पैसा आहे, मग आमच्यासाठी का नाही, असा त्या बोलण्यातला सल होता.

हे वाचताना मला 2010 चा उन्हाळा आठवला. जनगणनेच्या घरयादीसाठी आम्हा शिक्षकांना वाड्या वाटून दिल्या होत्या आणि त्या फॉर्मवर 35 प्रश्न होते. एका घरी पिण्याच्या पाण्याचा स्रोत विचारला, तर बाईंनी ‘नळ’ म्हणून सांगितले. मी नळाचा आकडा भरला आणि पुढे गेलो. सगळे रकाने भरून मी कागद पिशवीत ठेवल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, “गुरुजी, नळ हाय, पन पानी चौथ्या दिशी येतं. तवर विहिरीवरच जावं लागतं.” माझा फॉर्म खोटा नव्हता, तरी त्या घराचे पाणी त्यात आले नव्हते. तो तांब्या मला अजून दिसतो.

म्हणूनच हिल्ये यांच्या कारकिर्दीतला प्रचारप्रमुखपदाचा भाग मला तितकासा मोलाचा वाटत नाही. प्रचार संपल्यावर मतदार दारात काय बोलतो हे ऐकण्याची सोय करणे आणि त्यातून जे कळले ते एखाद्याच पक्षाच्या कपाटात न ठेवता छापून सर्वांपुढे मांडणे, हे मला मोलाचे वाटते. सल्लागार ज्ञान विकतो, लेखक ते सर्वांना देऊन टाकतो. ही दोन्ही कामे एकाच माणसाने करायची म्हणजे ओढाताण होणारच. तुला हा व्यवसाय करायचाच असेल, तर ती ओढाताण पत्करून कर, एवढीच माझी इच्छा आहे. घोषवाक्ये लिहिणारी माणसे पुष्कळ मिळतील.

हिल्ये यांच्या 2025 च्या पुस्तकाचे ‘मेअर इमोत्सिओनेन वागेन’, म्हणजे ‘अधिक भावनांचे धाडस करू’, हे नाव तूच मला समजावून सांगितलेस. 1969 मध्ये जर्मन चान्सलर विली ब्रांट यांनी ‘अधिक लोकशाहीचे धाडस करू’ असे म्हटले होते, त्यातल्या ‘वागेन’ची, म्हणजे धाडसाची, त्याला जोड आहे. भीती, राग आणि आशा या भावना लोकानुनयी पक्षांच्या हवाली करू नयेत, हे त्यांचे म्हणणे मला पटते. मात्र दुसऱ्याचा राग हाताळताना आपला हात किती स्वच्छ आहे, हे आपल्याला रोज तपासावे लागेल.

प्रबंधासाठी तू बर्लिनभोवतीच्या ब्रांडेनबुर्ग राज्यातल्या गावांत मुलाखती घ्यायला जाणार आहेस. त्याची प्रश्नावली मराठीत करून मला पाठव. पहिला प्रश्न कोणता ठेवला आहेस, ते मला आधी पाहायचे आहे.

तुझे,
बाबा