काकांच्या ‘कशावरून?’बद्दल आभार

आदरणीय काकांस,
सादर नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही हातातली कानस पुन्हा चालवायला लागता आणि तिच्या आवाजात समोरच्याचे बोलणे बुडवून टाकता, हे आपल्या पथकातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून या खेपेला सर्वांच्या देखत लिहीत आहे. रोमन सैनिकांची वेशभूषा, शस्त्रे आणि कवायत जशीच्या तशी उभी करण्याच्या आमच्या उद्योगाला यंदा दहा वर्षे झाली, आणि त्यांतल्या नऊ वर्षांचे श्रेय कोणाला द्यायचे याबद्दल आमच्यात कधीच वाद झालेला नाही.

पहिल्या वर्षाचे श्रेय मात्र निखालस आमचेच. रोमन सैन्यात एका तंबूत आठ शिपाई राहत आणि त्या गटाला कॉन्ट्युबर्नियम म्हणत. आम्हीही सुरुवातीला आठच होतो. तो निव्वळ योगायोग होता, पण आम्ही तो ठरवून केल्यासारखा मिरवला. मनगटांवर रुंद चामडी पट्टे, बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या ढाली आणि जाड रेक्झिनच्या कोटावर ओळीने ठोकलेले पत्रे अशा थाटात आम्ही उभे राहत असू. रिबिटा कमी पडल्या म्हणून आमच्यातला एक जण तुमच्याकडे आला आणि नमुना म्हणून चिलखताचा एक भाग दाखवू लागला. तुम्ही पत्रा बोटांनी वाकवून पाहिलात आणि विचारलेत, “हे असेच होते, हे कशावरून?” चित्रपटांत असेच असते, हे त्याचे उत्तर ऐकून तुम्ही रिबिटा दिल्यात, पैसे घेतले नाहीत आणि एवढेच म्हणालात की, उत्तर सापडले की परत या.

ते उत्तर शोधण्यात आमचे चार महिने गेले. या पत्र्यांच्या चिलखताला आज सगळे ‘लोरिका सेगमेंटाटा’ म्हणतात. पण हे नाव रोमनांचे नसून फार नंतरच्या विद्वानांनी दिलेले आहे. रोममधील सम्राट ट्राजनच्या स्तंभावर, म्हणजे इसवी सन 113 च्या शिल्पांत, हे चिलखत घातलेले सैनिक दिसतात. तथापि शिल्पकाराने बाहेरची बाजू कोरली, आतली जोडणी कशी होती ते दगड सांगत नाही. पूर्वीच्या अभ्यासकांनी पत्रे चामड्याच्या कोटावर बसवलेले असावेत असा तर्क केला होता, म्हणजे आमची चूक निदान प्रतिष्ठित होती. पुढे 1964 साली इंग्लंडमध्ये रोमन सम्राट हेड्रियनने बांधवलेल्या भिंतीजवळील कॉर्ब्रिज येथे उत्खननात एक लाकडी पेटी सापडली आणि तिच्यात अशा चिलखतांचे भाग मिळाले. त्यांच्या आधारे लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे एच. रसेल रॉबिन्सन यांनी दाखवून दिले की, कोट असा काही नव्हताच. पत्रे आतून चामड्याच्या उभ्या पट्ट्यांना रिबिटांनी जोडलेले होते, त्यामुळे वाकताना ते एकमेकांवर सरकत आणि उतरवल्यावर सगळे चिलखत आटोपशीर दुमडून ठेवता येई.

हे आम्ही तुम्हाला सांगायला आलो त्या संध्याकाळी तुम्ही आमचा रेक्झिनचा कोट उसवायला घेतलात. आम्हाला वाटले होते की तुम्ही शाबासकी द्याल. त्याऐवजी तुम्ही पत्रे जमिनीवर मांडलेत, पट्ट्यांची लांबी आमच्या छातीच्या मापाने दोरीवर घेतलीत आणि प्रत्येक रिबिटीचे डोके ठोकताना हातोडा किती उंचावरून पडला पाहिजे ते आठही जणांकडून करून घेतलेत. माझ्या हातून चौदा रिबिटा वाकड्या झाल्या. त्या तुम्ही एका डबीत जपून ठेवल्या आहेत आणि नव्या मुलांना दाखवता, ही गोष्ट आजवर मी मोठ्या मनाने सहन केली आहे.

खांद्याच्या पत्र्यांना जोडणाऱ्या पितळी बिजागऱ्या बसवताना तुम्ही म्हणाला होतात की, इतक्या पातळ पितळेची बिजागरी पहिल्या धावपळीत तुटेल. ती दुसऱ्याच कवायतीत तुटली. आम्हाला ती आमच्या कारागिरीची नाचक्की वाटली. पण पुढे वाचनात आले की, कॉर्ब्रिजच्या मूळ चिलखतांवरही ठिकठिकाणी दुरुस्तीच्या खुणा आहेत आणि स्कॉटलंडमधील न्यूस्टेड येथे मिळालेल्या प्रकारात अशी जोडकामे पुष्कळ सोपी केलेली आहेत. ते ऐकून तुम्ही जितके खूश झालात तितके दहा वर्षांत दुसऱ्या कशाने झालेले आम्ही पाहिले नाही. “म्हणजे त्यांचा फिटरही माझ्यासारखाच वैतागला असणार,” असे म्हणून तुम्ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या अज्ञात माणसाला बिरादरीत घेऊन टाकलेत. जुन्या काळाशी इतके सरळ नाते जोडलेले मी तरी कोणाचे पाहिलेले नाही, इतिहासाची पदवी असलेल्या आमच्या दोन सदस्यांचेही नाही.

ढालींचे प्रकरण जरा कडू होते. सीरियातील ड्युरा-युरोपोस येथे मिळालेली तिसऱ्या शतकातील ढाल जेमतेम 105 सेंटिमीटर उंच आहे आणि ती लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे तीन थर आडवे-उभे चिकटवून, बाक देऊन बनवलेली आहे. आमच्या ढाली तिच्यापेक्षा फार जड होत्या आणि त्या एका रंगकाम जाणणाऱ्या सदस्याने रात्री जागून रंगवल्या होत्या. त्या मोडीत काढायच्या म्हटल्यावर त्याने पथक सोडले. मनगटी पट्ट्यांना पुरावा नाही म्हणून ते काढायला लावले तेव्हा आणखी एक जण गेला. तुम्ही त्या दोघांच्या घरी जाऊन आलात, हे आम्हाला फार उशिरा कळले. पहिला परत आला. आज ज्या ढाली आम्ही वापरतो त्यांचा लाकडी साचा त्यानेच तुमच्याबरोबर तासून तयार केला आहे, आणि सरस लावलेल्या पट्ट्या त्या साच्यावर दोरीने आवळून ठेवल्या की आजही तो तासातासाने उठून गाठी तपासतो.

हा छंद तसा जुना आहे. जूलियस सीझरने इसवी सनापूर्वी 46 मध्ये मुद्दाम खोदलेल्या तळ्यात लुटुपुटीची आरमारी लढाई करवली होती; लुटुपुटीची म्हणायची ती प्रेक्षकांच्या दृष्टीने, कारण लढणारे कैदी होते आणि मरत होते. 1913 साली अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षे झाली तेव्हा दोन्ही बाजूंचे वृद्ध सैनिक त्याच मैदानावर जमले आणि ज्या दगडी कुंपणाशी त्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या होत्या तेथे त्यांनी हस्तांदोलन केले. आज दिसतो तशा स्वरूपात मात्र हा छंद 1960 च्या दशकापासून फोफावला. ब्रिगेडियर पीटर यंग यांच्या पुढाकाराने 1968 मध्ये सुरू झालेली ‘सील्ड नॉट’ ही संस्था सतराव्या शतकातील इंग्रज यादवी युद्ध उभे करते, तर 1972 पासूनचे ‘अर्माइन स्ट्रीट गार्ड’ हे पथक आमच्याच रोमनांचे. यांतले बहुतेक मी तुम्हाला पत्र्यावर हातोडा चालत असताना ओरडून सांगितलेले आहे, त्यामुळे किती ऐकू आले असेल याची शंका आहे.

खिळ्यांच्या चपलांबद्दल तुमचे आभार मानताना मला थोडी लाजही वाटते. कॅलिगा या रोमन चपलेच्या तळव्याला लोखंडी चुका असतात. त्या मातीत घट्ट रुततात आणि गुळगुळीत फरशीवर मात्र दगा देतात. एका संग्रहालयाच्या दालनात मी शंभरेक मुलांसमोर ढालीसकट सपशेल आडवा झालो, तेव्हा तुम्ही धावत येण्याऐवजी मुलांना समजावू लागलात की, जेरुसलेमच्या वेढ्यात जूलियानस नावाचा एक शूर सेंच्युरियन, म्हणजे रोमन तुकडीनायक, मंदिराच्या फरसबंदीवर याच चुकांमुळे घसरून पडला आणि मारला गेला, असे त्या काळच्या जोसिफस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. मुलांना तो माझा ठरवून केलेला प्रयोग वाटला. पुढच्या कार्यक्रमात आयोजकांनी पुन्हा पडून दाखवण्याची विनंती केली.

आता आमच्या पथकात सव्वीस जण आहेत. दर रविवारी लॅटिन आज्ञांवर कवायत होते, महिन्यातून एकदा शाळांत प्रात्यक्षिक होते आणि वर्षातून एकदा पूर्ण सरंजामानिशी वीस किलोमीटरची पायपीट होते. युद्धशास्त्रावर लिहिणारा रोमन लेखक व्हेजेटियस म्हणतो की, शिकाऊ शिपायाने उन्हाळ्यातल्या पाच तासांत वीस रोमन मैल, म्हणजे जवळजवळ तीस किलोमीटर, चालले पाहिजे. आम्हाला ते अजून जमलेले नाही. जर्मन इतिहासकार मार्कुस युंकेलमान 1985 मध्ये रोमन साजात काही साथीदारांसह व्हेरोनाहून आल्प्स ओलांडून ऑग्सबर्गपर्यंत चालत गेले होते, हे आम्ही दरवर्षी निघताना एकमेकांना सांगतो आणि पंधराव्या किलोमीटरला त्याचा उल्लेख टाळतो.

या सर्वांत तुम्ही एकदाही चिलखत अंगावर चढवले नाहीत. प्रत्येक प्रात्यक्षिकाआधी मात्र तुम्ही रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलात, प्रत्येक तलवारीच्या बोथट कडेवरून अंगठ्याचे नख फिरवलेत आणि जिथे नख अडले ती तलवार गाडीत परत पाठवलीत. माझी तीनदा गेली. दहा वर्षांत आमच्याकडे खरचटण्यापलीकडे इजा झालेली नाही, याचे दुसरे कोणतेही कारण मला ठाऊक नाही.

नजर साथ देत नाही म्हणून गेल्या महिन्यात तुम्ही हत्यारांची पेटी आमच्या स्वाधीन केलीत. पेटीच्या झाकणावर नव्या मुलींपैकी एकीने खडूने ‘कशावरून?’ असे लिहिले आहे. रविवारी एकाने शिरस्त्राणावर लाल तुरा लावायचा आग्रह धरला, तेव्हा तिने काही न बोलता ते झाकण त्याच्याकडे वळवले. तो सध्या वाचनालयात आहे.

एक विनंती आहे. चौथ्या क्रमांकाच्या चिलखताची डाव्या खांद्याची बिजागरी पुन्हा तुटली आहे. नवी आम्ही कापली, पण भोके जुळत नाहीत. येत्या रविवारी सवड असेल तर खुर्ची सावलीत मांडून ठेवतो. हातोडा आम्ही चालवू, तुम्ही नुसता आवाज ऐका.

आपला कृपाभिलाषी,
चौदा वाकड्या रिबिटांचा धनी