‘लुचाई’ पहिली नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत नारायण धारपांवर अख्खं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. त्यांच्या जन्माला 2025 मध्ये शंभर वर्षं झाली. भयकथा लिहिणाऱ्याला एवढी जागा एरवी कोणी देत नाही. पण नव्या वाचकाने धारप कुठून सुरू करावेत याची जी चौकट त्या पानावर आहे, ती वाचून आलेला राग आज सकाळपर्यंत उतरलेला नाही.

चौकटीत पहिलं नाव ‘लुचाई’, दुसरं ‘शपथ’. आणि लेखाच्या शेवटी लेखक म्हणतात की धारपांचं लेखन बरंचसं उसनं आहे. अहो, या माणसाची पुस्तकं शंभरावर. त्यातून नेमकी अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांवर बेतलेली दोन पुढे करायची आणि त्यांच्याच जोरावर लेखकाला उसना ठरवायचं? ‘लुचाई’च्या मागे 1975 ची ‘सालेम्स लॉट’ आहे आणि ‘शपथ’च्या मागे 1986 ची ‘इट’, हे धारपांच्या वाचकांना केव्हाचं ठाऊक आहे. खुद्द किंगने ‘सालेम्स लॉट’ लिहिली ती ड्रॅक्युला डोळ्यांपुढे ठेवून, तेही त्याने कधी लपवलं नाही. तिकडे त्याला परंपरा म्हणतात, मग इकडे उचल का?

मी बावीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात देवघेव सांभाळते. कोणतं पुस्तक किती वाचलं जातं हे मला पाठीवरून कळतं. आमच्याकडे समर्थकथांची, म्हणजे अघोरी शक्तींशी लढणाऱ्या समर्थांवरच्या धारपांच्या कथांची, एक प्रत आहे, तिची बांधणी तीनदा झाली. पुठ्ठ्यावर खाकी कागद, पानांचे कोपरे बोटांनी काळे पडलेले, मागची तारखांची चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी डकवलेली. मधल्या एका पानाच्या कडेला कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, ‘आता समर्थ येणार’. त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात, ‘पुढचं सांगू नका’. नवी प्रत आली तेव्हा ही रद्दीत काढायची ठरत होती, मी काढू दिली नाही.

आता मूळ दुखणं सांगते. गेल्या मे महिन्यात दहावीची परीक्षा दिलेली एक मुलगी नव्याने सभासद झाली. मोबाइलवर कुठलीशी यादी होती, अगदी तुमच्या चौकटीसारखी, वर ‘लुचाई’. ती घेऊन गेली. आठव्या दिवशी परत आणली. खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट पहिल्या पन्नास पानांतच होतं. म्हणाली, “काकू, यात माणसंच खूप आहेत. कोण कोणाचं ते लक्षात राहत नाही. भीती कधी वाटायला लागते?” किती सरळ प्रश्न! पण महिनाअखेर होती, वर्गणीच्या पावत्या फाडत होते, समोर चार जण उभे. मी पुस्तक जमा करून घेतलं, कार्डावर तारीख मारली आणि पुढच्या माणसाकडे वळले. समर्थांचं पुस्तक माझ्या मागच्याच मांडणीत होतं. हात लांबवला असता तरी मिळालं असतं.

ती पुन्हा आली नाही. जूनमध्ये तिचे वडील अनामत परत न्यायला आले. “तिला वाचनाची आवड नाही हो,” म्हणाले. मी सही घेऊन पैसे मोजून दिले. तेव्हापासून धारपांच्या मांडणीपुढून जाताना तो प्रश्न आठवतो. चुकीचं पुस्तक आधी हातात पडलं, एवढंच झालं होतं. आणि आता तुमच्या पुरवणीने तीच यादी घरोघर पोचवली.

‘लुचाई’ वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. मी ती तीनदा वाचली. पण ती सावकाश चढणारी कादंबरी आहे. गाव आधी ओळखीचं व्हावं लागतं, तेव्हा त्याचं काय होतंय याची धास्ती बसते. तेवढा धीर धरायला धारपांवर विश्वास लागतो, आणि तो विश्वास समर्थकथा देतात. कथा आटोपशीर असते, एका बैठकीत संपते. त्यातला अप्पा जोशी तुमच्याआमच्यासारखा साधा माणूस, तो जे बघतो ते आपण बघतो. अघोरी शक्ती कितीही मोठी असली तरी तिच्यापुढे उभं राहणारं कोणी आहे, हे वाचकाला ठाऊक असतं. म्हणून बारा-तेरा वर्षांचं पोरही रात्री ते पुस्तक मिटून झोपू शकतं. मी त्याच वयात थोरल्या भावाच्या तोंडून समर्थ ऐकले, कंदिलाच्या उजेडात, आणि परसात जायला आईला सोबत घेतलं.

त्यानंतर ‘अनोळखी दिशा’मधल्या कथा द्याव्यात. तिथे दर वेळी कोणी वाचवायला येईलच असं नाही, आणि हा फरक समर्थ वाचून आलेल्यालाच जाणवतो. मग ‘ग्रहण’, ‘चेटकीण’ अशा सुट्या कादंबऱ्या. ‘ग्रहण’वरची मालिका 2018 मध्ये टीव्हीवर लागली तेव्हा आमच्याकडे त्या पुस्तकाला नंबर लावावा लागला होता. ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ सगळ्यात शेवटी, सुट्टीत, निवांत. आणि ज्यांना भुताखेतांचं वावडं आहे त्यांनी ‘गोग्रॅमचा चितार’ किंवा ‘नेनचिम’ घ्यावं. विज्ञानकथा लिहिणारे धारप तुमच्या पानावर एका ओळीलाही आले नाहीत.

‘तुम्बाड’मध्ये कोणाचं काय आहे याबद्दलही लेखात घोळ आहे. त्या हिंदी सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं आहे, आजीचा भाग धारपांच्या ‘आजी’ कथेवरून. सिनेमा 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा किती तरी मुलं “धारपांचं तुंबाड द्या” म्हणत आमच्या काउंटरवर आली. पेंडशांचे दोन जाड खंड पाहून त्यांचे चेहरे पडायचे. निदान वर्तमानपत्राने तरी हे नीट लिहायला हवं होतं.

आणखी एक. भयकथेचं पान म्हणून ते काळ्या रंगावर लाल बारीक अक्षरांत छापलंत. आमच्या वाचनकक्षात सकाळी येणारे बहुतेक जण साठी ओलांडलेले आहेत. दोघांनी पान खिडकीशी धरून पाहिलं, शेवटी मीच मोठ्याने वाचून दाखवलं. धारपांची पुस्तकं साध्या पांढऱ्या पानांवर काळ्या शाईतच छापलेली असतात आणि त्यांची भीती आजवर कमी झालेली नाही.

माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापून छापलं होतं. हे कापायचं झालंच तर पेंडशांचा परिच्छेद काढा, पण समर्थांचा ठेवा. आणि पुढच्या रविवारी चौकट दुरुस्त करून द्या, मी ती कापून काउंटरच्या काचेखाली लावीन.

आपली,
देवघेव विभागातली एक वाचक, कराड