फास्ट चार्जर होऊ देत, पण गाडी जिथं उभी राहते तिथं आधी प्लग द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मधूनमधून बातमी असते की अमुक रोडला इलेक्ट्रिक गाड्यांसाठी एवढ्या किलोवॅटचं चार्जिंग स्टेशन होणार, आणि दर वेळी आकडा वाढत जातो, 30 चं 60 होतं, 60 चं 120 होतं. चांगलंच आहे, पुणे-हैदराबाद हायवेला ते पाहिजेच. पण मी सोलापुरात वायरिंगची कामं घेतो, अपार्टमेंट, लॉज, दुकानं, कारखाने सगळीकडं जाणं होतं, आणि मला रोज जे दिसतंय ते असं की आपल्या गावाची खरी अडचण मोठ्या चार्जरची नाही, 15 अँपिअरच्या साध्या प्लगची आहे. गाडी रात्रभर किंवा दिवसातले चार-पाच तास जिथं उभीच असते तिथं तिला नीट प्लग मिळत नाही, बाकी सगळं त्याच्यानंतरचं.

जुळे सोलापूर घ्या, विजापूर रोड घ्या, होटगी रोड घ्या. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडलेली, मध्येच एक टेप गुंडाळलेला जॉइंट, आणि खाली पार्किंगच्या पिलरला एक्स्टेंशन बोर्ड लटकवलेला, हे आता नेहमीचं झालंय. वायर हातात घेऊन बघितली तर बऱ्याचदा 1 स्क्वेअर एमएमची, म्हणजे बारीक. स्कूटर कशीबशी निभावते त्याच्यावर, पण उद्या घरात कार आली आणि तिचा चार्जर त्याच बोर्डात लावला की 14-15 अँपिअर सलग आठ-नऊ तास ओढतो. मग वायर गरम, प्लगच्या पिना काळ्या, सॉकेट एका बाजूनं वितळलेलं. गीझर पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो, हे रात्रभर चालतं, हा फरक गाडी विकताना कुणी समजावून सांगत नाही आणि विचारतही नाही की घरी अर्थिंग आहे का.

अर्थिंगचं तर वेगळंच सांगायला पाहिजे. एप्रिल-मे मध्ये मला जे फोन येतात त्यातले कितीतरी एकाच तक्रारीचे असतात, "अण्णा, गाडी चार्जच घेईना, चार्जरवर लाल लाईट लागलीय की ओ." गाडीला काही झालेलं नसतं. कारच्या चार्जरला अर्थिंग नीट मिळालं नाही की तो सुरूच होत नाही, ते सेफ्टीसाठीच केलेलं आहे. आणि आपल्याकडं पारा 42-43 वर गेला की अर्थिंगचा खड्डा पार सुकून जातो, बिल्डरनं दहा वर्षांपूर्वी पाइप पुरला त्यानंतर त्यात कुणी तांब्याभर पाणी घातलेलं नसतं. मीठ-कोळसा भरून पाणी सोडलं, वरचं कनेक्शन घासून घट्ट केलं की बऱ्याच ठिकाणी लाल लाईट जाते. एवढं साधं काम आहे ते, पण जो-तो आधी सर्व्हिस सेंटरला पळतो.

आता सोसायटीत नीट पॉइंट का घेत नाहीत, तर चेअरमन म्हणतात आग लागली तर जबाबदार कोण, बिल कॉमन मीटरवर आलं तर बाकीच्यांनी का भरायचं. प्रश्न चुकीचे नाहीत, भीती खरी आहे. पण उत्तरं आहेत ना. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे की आपल्या पार्किंगमध्ये घरच्या कनेक्शनवरून चार्जिंग घेता येतं किंवा वेगळं मीटर मागता येतं. फ्लॅटच्या मीटरपासून 4 स्क्वेअरची तांब्याची वायर पाइपमधून खाली आणायची, स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), चांगला इंडस्ट्रियल सॉकेट, झालं काम. खिडकीतून लोंबणाऱ्या वायरपेक्षा हे शंभर पटीनं सेफ आहे, म्हणजे परवानगी नाकारून सोसायटी धोका कमी करत नाही, वाढवते. आणि नवीन बिल्डिंगला तर केंद्राच्या 2019 च्या मॉडेल नियमांत पार्किंगच्या 20 टक्के जागेला चार्जिंगची सोय करा असं सांगितलेलं आहे. ताबा घेताना लिफ्ट, पाणी, जिम सगळं बघतात, हे कुणीतरी विचारावं की.

फास्ट चार्जरबद्दल मी विरोधात नाही, फक्त त्याचं गणित काय असतं ते लोकांना कळावं. 60 किलोवॅटचा एक चार्जर म्हणजे 100 केव्हीएच्या डीपीचा, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा, निम्म्याहून जास्त लोड, आणि त्या डीपीवर आधीच कितीतरी घरं, दुकानं, उन्हाळ्यात एसी. म्हणजे बहुतेक ठिकाणी नवी डीपी, नवी केबल, कोटेशन, रस्ता खोदायची परवानगी, हा खर्च चार्जरच्या किमतीच्या बरोबरीनं जायला वेळ लागत नाही. एवढं करून दिवसाला गाड्या आल्या चार. मालकाला परवडेना, मग गाडीला लावायची चार्जरची गन खराब झाली की दुरुस्तीला कोण पैसे घालणार, स्क्रीन बंद, ॲपवर मात्र उपलब्ध दाखवतंय, आणि बॅटरी 8 टक्क्यांवर आणून तिथं पोचलेला माणूस बायकापोरांसकट उन्हात उभा. त्यात पब्लिक चार्जिंगवर 18 टक्के जीएसटी, घरच्या लाईट बिलावर जीएसटी नाही आणि गाडीवर 5 टक्के. म्हणजे ज्याच्याकडं स्वतःचं पार्किंग आहे त्याला स्वस्त आणि जो भाड्याच्या खोलीत राहतो त्याला महाग, हे मला पटत नाही.

वीज नाही असं तर नाहीच. आहेरवाडीला 1320 मेगावॅटचं वीज केंद्र आपल्या दाराशी आहे. पण उजनी धरण भरलं तरी आपल्या नळाला पाणी रोज येत नाही, तसंच हे, अडतं ते शेवटच्या पाइपात, इथं शेवटच्या वायरीत.

साध्या चार्जरला नव्या डीपीची, केबलची भानगड नाही. 3.3 किलोवॅट म्हणजे दोन एसींचा लोड, आठ तासात पंचवीसेक युनिट जातात, लहान कार त्याच्यावर दीडशे किलोमीटर आरामात जाते. इथून तुळजापूर 45 किलोमीटर, अक्कलकोट 40 च्या आसपास, पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर. बाहेरून येणारा भाविक काय करतो, सोलापुरात लॉजवर मुक्काम, सकाळी अक्कलकोट, दुपारनंतर तुळजापूर. म्हणजे रात्री गाडी लॉजच्या पार्किंगमध्ये उभी, आणि दिवसा देवस्थानाच्या पार्किंगमध्ये दर्शनाच्या रांगेमुळं तीन-चार तास उभीच. त्या वेळेत 7 किलोवॅटच्या साध्या चार्जरवर वीस-पंचवीस युनिट सहज भरतात. शिवाय केंद्राचं धोरणच आहे की सकाळी 9 ते दुपारी 4 सोलरच्या वेळेत चार्जिंगची वीज स्वस्त ठेवायची. दर्शनाची गर्दी त्याच वेळेत असते. पार्किंगवर सोलर पत्रे टाकले तर सावलीही होते, आणि सावली आपल्याकडं हौसेची गोष्ट नाही, भर दुपारी तापलेल्या गाडीला चार्जिंग स्वतःहून स्लो होतं, बॅटरी वाचवायला गाडीच करंट कमी घेते. उघड्यावर ठेवलेल्या मशीनची स्क्रीन तर उन्हात वाचताच येत नाही. लॉजवाल्यांना मी सांगत असतो, दोन प्लग आणि एक सबमीटर लावा, जाहिरातीपेक्षा कमी खर्च आहे. काहींनी केलंय, बाकीचे म्हणतात बघू.

आणि सगळ्यात मागे राहिलेत ते रिक्षावाले आणि डिलिव्हरीची पोरं. यांची गाडी दिवसभर पळते, म्हणजे इलेक्ट्रिकचा फायदा खरा यांनाच. पण राहतात पूर्व भागातल्या गल्लीत, एका खोलीत, मीटर घरमालकाचं, गाडी रस्त्यावर. कुंभारीला रे नगरमध्ये 30 हजार घरांचा प्रकल्प आहे, त्यातल्या 15 हजार घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं, विडी कामगार, यंत्रमाग कामगार, असंघटित माणसं तिथं राहायला गेली. शहरापासून लांब, रोज कामाला ये-जा करायची, म्हणजे रिक्षा-स्कूटरवरचा पेट्रोलचा खर्च जिथं सगळ्यात जास्त टोचतो ती जागा हीच. अशा वसाहतीत चौकाचौकात खांबावर लॉक असलेले, मीटर असलेले, क्यूआर कोडवर चालणारे साधे प्लग बसवले तर एका फास्ट चार्जरच्या पैशात पूर्ण रांग होईल. स्कूटरची बॅटरी तीन-चार युनिटची असते, तिला 60 किलोवॅट करायचेत काय.

पैसे कुठून येणार म्हणाल तर केंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी 2,000 कोटी ठेवलेत, देशभरात सुमारे 72 हजार चार्जर, आणि त्यातले 48 हजारांच्या वर टू-व्हीलर थ्री-व्हीलरसाठी आहेत. डीपी, केबल या कामालाही त्यात अनुदान धरलंय. राज्याच्या 2025 च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगचं आहे, केंद्र तर 20 म्हणतं आणि शहरात 2030 पर्यंत दर एक किलोमीटरच्या चौकोनात एक. मग आपल्या जिल्ह्यानं या योजनेत मागायचं काय हे ठरवताना चकचकीत स्टेशनच मागायचं की खांबावरचे प्लगही मागायचे, हे आत्ता ठरेल, एकदा प्रस्ताव गेला की गेला.

महापालिकेला तुमच्या पेपरमार्फत एवढंच मागणं आहे. पे अँड पार्कचं पुढचं टेंडर काढाल त्यात दहा गाड्यांमागे एक मीटरचा प्लग ही अट घाला. नवीन बिल्डिंगला भोगवटा देताना पार्किंगमधलं वायरिंग आणि अर्थिंगची रीडिंग प्रत्यक्ष मोजून बघा, नकाशावर बघू नका. सरकारी जागेत जे चार्जर आहेत त्यांच्यावर महिन्यात किती तास चालू होते तो बोर्ड लावा, आणि बंद पडला तर किती तासात माणूस येणार हे करारात लिहून घ्या, नाही आला तर दंड. जानेवारीत गड्डा यात्रेला होम मैदानाच्या आसपास पार्किंगची तात्पुरती लाईट दर वर्षी ओढतातच, त्याच केबलवर यंदा वीस प्लग देऊन बघा, किती लोक वापरतात ते त्या पंधरा दिवसातच कळेल. वायरिंग तपासायला माणूस पाहिजे असेल तर मी आणि माझी दोन पोरं येतो, मजुरी घेणार नाही.

आपला,
एक वायरमन वाचक
जुळे सोलापूर, सोलापूर