ग्वांगझूहून, सगळं ठीक

ती. आई-बाबा, सा. न.

आई, वजन अजिबात कमी झालेलं नाहीये, व्हिडिओ कॉलवर लाइटमुळे तसं दिसतं. इथे बौद्ध देवळांच्या बाजूला चक्क शाकाहारी हॉटेलं आहेत, ते काकूलाही सांग, म्हणजे साप-बेडूक विचारायचं थांबेल.

एक प्रकार मात्र मला कळेचना. कोणी कपात चहा ओतला की लोक दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक करतात, घास तोंडात, गप्पा चालू आणि बोटं आपली टकटक. मला वाटायचं चिडलेत. ऑफिसमधल्या एका ताईने सांगितलं, छ्येनलोंग बादशहा वेष पालटून फिरायचा, एकदा त्याने नोकरालाच चहा ओतला, आता नोकराने लोटांगण घातलं तर बिंग फुटणार, म्हणून त्याने बोटांचेच गुडघे टेकले. दंतकथाच असणार. पण बादशहा खरा, बाबा, आणि त्यानेच 1757 मध्ये युरोपच्या व्यापाऱ्यांना हे एकच बंदर ठेवलं, नदीकाठच्या वखारीत राहायचं, चिनी शिकायचं नाही, बायका आणायच्या नाहीत (म्हणजे माझी नोकरी बोंबललीच असती).

इंग्रजांना चहा हवा आणि चिनी चांदीच मागणार, मग चांदी वाचवायला अफू आणली, आणि त्यातली माळव्याची अफू निघायची आपल्या मुंबईहून. रविवारी हूमेनला गेले होते, तिथे लिन झेशू या अधिकाऱ्याने 1839 मध्ये 20,000 च्या वर पेट्यांतली अफू चुना-मीठ घालून खड्ड्यांत नासवली, त्यावरून पुढे युद्धच झालं. म्युझियममध्ये मला आपलं जेजे हॉस्पिटल आठवत होतं, कारण जमशेटजी जीजीभॉयनीही चीनच्या अफू-कापसातच पैसा केला. आता त्या पैशाला नावं ठेवावीत तर बाबा तिथूनच ऑपरेशन करून धडधाकट घरी आलेत, काय बोलणार.

पैसे पाठवलेत, हप्ता भरून उरतील त्यात आईचे दात करा, पुढच्या महिन्यात बघू म्हणू नका. दिवाळीला जमेलसं वाटत नाही, ऑक्टोबरपासून कॅन्टन फेअर, म्हणजे इथलं मोठं व्यापारी प्रदर्शन असतं, सुट्टी मागायची सोयच नाही. फराळ दादाच्या हाती वगैरे पाठवू नका, मिळतं इथे सगळं. म्हणजे चकली नाही मिळत, पण चालतं.

आणि नाशिकच्या स्थळाला तू "ती नोकरी सोडून येणारच आहे" सांगितलंस म्हणे, दादा बोलला. रागावले नाहीये. पण मुलाला माझा नंबर दे, मीच बोलते.

तुमची,
मनू