पेशीला सांगाडा असतो, तो मुलांना दाखवा

महोदय,

परवा वर्गात डबक्याचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. एकपेशीय अमीबाचा छद्मपाद, म्हणजे पायासारखा पुढे येणारा भाग, हळूच पुढे सरकला, मागून आतले कण वाहत आले. एक मुलगी म्हणाली, "बाई, याला हाडं नाहीत, मग ढकलतं कोण?" आमच्या हातातल्या पुस्तकात याचं उत्तर देणारी एक ओळही नव्हती! चित्रात केंद्रक आहे, तंतुकणिका आहेत, सांगाडा नाही.

ढकलतं ॲक्टिन. हंगेरीतल्या सेगेडला १९४२च्या सुमारास ब्रुनो श्ट्राउब यांनी स्नायूंतून वेगळं केलेलं हे प्रथिन. पेशीच्या सांगाड्यातले त्याचे धागे जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचे. पुढच्या कडेला त्यांना नवे रेणू जोडले जातात, फांद्या फुटतात आणि पेशीचं आवरण पुढे रेटलं जातं. मागे धागे सुटे होतात, तेच रेणू पुन्हा पुढे कामाला लागतात. मायोसिन हे दुसरं प्रथिन मागची बाजू आवळून घेतं. बोट कापल्यावर रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून निघणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतूंमागे धावतात त्याही याच बळावर.

आपल्या विज्ञान पुरवणीत यावर सचित्र लेख द्यावा, ही कळकळीची विनंती. तो मी वर्गाच्या भिंतीवर लावीन.

– एक विज्ञान शिक्षिका, सातारा