आजीला वाचून दाखवता येईल असं संशोधन हवं

मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

विद्यार्थी असताना एका सर्वेक्षणासाठी मी जव्हारजवळच्या एका पाड्यावर गेलो होतो. हातात छापील तक्ता, त्यात तीन रकाने: वनस्पती, भाग, उपयोग. एक वारली आजी शेवळं, म्हणजे पहिल्या पावसात उगवणारी रानभाजी, निवडत बसली होती. आतला पिवळा दाणेदार भाग ती खुडून टाकत होती. तो राहिला तर घसा खाजतो. शिजवताना काकडं, काकड झाडाची आंबट फळं, घालायची, म्हणजे उरलीसुरली खाज मरते. कंद मात्र उकरायचा नाही, पुढच्या पावसाला कोंब त्यातूनच येतो. मी लिहिलं, "शेवळं, कोंब, भाजी." बाकीच्याला तक्त्यात जागा नव्हती. निघताना आजीनं विचारलं, हे लिहिलेलं मला कधी वाचून दाखवशील? अहवाल इंग्रजीत निघाला. त्यात तिचं नाव नाही आणि पाड्यावर तो कधी पोचलाही नाही. ती सल मला अजून आहे.

ही रीत इंग्रजांच्या गॅझेटियरपासूनची, म्हणजे त्यांच्या जिल्हावार माहितीग्रंथांपासूनची आहे. प्रश्न साहेबाचे, उत्तरं रयतेची, पुस्तक पुन्हा साहेबाचं. त्याच नजरेनं १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला गेला. तो कायदा १९५२ साली गेला. प्रश्नावली मात्र अजूनही शहरात ठरते आणि पाड्यावर नुसती भरून घेतली जाते.

वनहक्क कायदा २००६ नं पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. तरी संशोधक येतो तेव्हा ग्रामसभेला विचारतं कोण? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं अभ्यासगटाची वाट दाखवली: गावकरी आणि बाहेरचे एकत्र बसतात, प्रश्न गावाचा असतो आणि निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीनं घेते. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी तर २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच जाहीर केली. आपल्याकडे हे का होऊ नये?

आदिवासी गावांत सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक अभ्यासाला आधी ग्रामसभेची संमती लागावी, आणि नको म्हणायचा हक्कही तिला असावा. विषय ठरवताना पाड्यावरची माणसं बसावीत, ज्यांनी सांगितलं त्यांची नावं, त्यांची इच्छा असेल तर, अभ्यासक म्हणून छापावीत. आणि छापण्याआधी मसुदा वारलीत, कातकरीत, माडियात, जिथली जी बोली असेल तीत, गावासमोर वाचला जावा. चुकलं असेल ते गाव तिथंच सांगेल.

पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आपल्याच विभागाशी जोडलेली आहे. सुरुवात तिथूनच करता येईल. पहिल्या पावसात पुन्हा शेवळं येतील, त्याआधी हा शासन निर्णय निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक माजी सर्वेक्षक